घरचा आहेर

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर मध्यंतरातच बटाटेवड्याबरोबर होते. पण ज्या वाङ्मयप्रकाराशी मध्यमवर्गीय माणसाचा लग्नसराईत दर आठवड्याला संबंध येतो आणि ज्यावर तो पदरचे पैसे खर्च करतो, त्या आहेराची लेखी समीक्षा कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. (कवितासंग्रहावर पदरचे पैसे किती माणसं खर्च करतात, हा प्रश्न इथं मुद्दामच काढत नाही.)

तोंडी समीक्षा मात्र होते, आणि ती जहाल असते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरात सतरंजी अंथरली जाते. मधोमध पुडक्यांचा ढीग, भोवती आत्या, मावश्या, काकू. एकीच्या हातात वही आणि पेन. कागद टरकन् फाटतो, क्षणभर शांतता पसरते आणि निकाल बाहेर पडतो.

"आणखी एक लेमन सेट."

"अगं बाई! एवढ्या लांबून आले ते हे द्यायला?"

"त्यांच्या थोरलीच्या लग्नात आपण साडी नेली होती. चांगली काठापदराची."

एवढ्या थोडक्या शब्दांत आशय, अभिव्यक्ती आणि परंपरा या तिन्हींचा समाचार घेणारा समीक्षक मराठी साहित्यात अजून व्हायचा आहे.

आपली भाषा या बाबतीत मोठी जाणती. जवळच्याच माणसानं चारचौघांत आपले वाभाडे काढले की आपण म्हणतो, 'घरचा आहेर मिळाला'. गोड बोलून टोला हाणला की तो 'शालजोडीतला'. आहेर काय आणि टीका काय, दोन्ही चारचौघांत करायच्या, दोन्ही गुंडाळून द्यायच्या आणि दोन्हींची परतफेड कधी ना कधी व्हायचीच, हे मराठी माणसाला पूर्वीच कळलेलं आहे. तेव्हा आहेरावर टीका करण्यात मी परंपरेबाहेरचं काही करतो आहे असं कुणी समजू नये.

समीक्षेला निकष लागतो. माझा निकष साधा आहे. आहेर हे एक पत्र आहे असं समजावं. चांगलं पत्र वाचलं की ते कुणाला लिहिलंय हे पहिल्या चार ओळींत कळतं. तसं आहेर उघडल्यावर तो कुणासाठी घेतलाय हे कळलं पाहिजे. बहुतेक आहेर या परीक्षेत नापास होतात. त्यांच्यावर पत्ता असतो तो 'ज्यास सापडेल त्यास' असा.

या संप्रदायाचा आद्य ग्रंथ म्हणजे लेमन सेट. एक जग, सहा ग्लास. काचेवर फुलं, फुलांच्या आसपास सोनेरी रेघ. या सेटमधून सरबत पिताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. सरबत आपण स्टीलच्या पातेल्यात करतो, पळीनं ढवळतो आणि स्टीलच्याच फुलपात्रांतून देतो. लेमन सेट असतो कपाटात, काचेआड, आणि पाहुणे आले की तो त्यांच्याकडे पाहत राहतो. तो बाजारातून विकत कोण आणतं हेही एक गूढच आहे, कारण प्रत्येकाकडचा लेमन सेट दुसऱ्या कुणाकडून तरी आलेला असतो. १८८१ सालच्या कायद्यानं हस्तांतरणीय पत्रांचा दर्जा तिघांनाच दिला आहे : वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि चेक. कायदा करणाऱ्या इंग्रजांनी आपल्या लग्नांना हजेरी लावली नसावी. नाहीतर चौथं नाव लेमन सेटचं पडलं असतं. तो बेअरर चेकसारखा हातोहात फिरतो. फरक एवढाच, की चेक शेवटी कुठंतरी वटतो.

खेड्याकडच्या लग्नात हेच स्थान टॉवेल-टोपीला आहे. करवीर तालुक्यात नाहीतर कागल-गडहिंग्लजकडे लग्नाला जाऊन या. टोपी डोक्याला बसत नाही, टॉवेल अंग पुसायला घेतला तर पाणी अंगावरच्या अंगावर फिरवतो. पण या दोघांच्या निर्मितीमागं डोकं आणि अंग यांचा विचारच नसतो. मान राखणं हा हेतू असतो. बायकांच्या बाजूला हीच गोष्ट ब्लाउजपीसची. ते शिवून अंगावर घालायचं वस्त्र नसून ओटीतून ओटीत जाणारं चलन आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोटेचा तरी आपण कुठं सदरा शिवतो?

खरी तक्रार आहे ती शोभेच्या वस्तूंबद्दल, कारण तिथं देणाऱ्याला आपण काही सुंदर आणि अर्थपूर्ण देतो आहोत असं वाटत असतं. उदाहरणार्थ ताजमहाल. पांढराशुभ्र, काचेच्या पेटीतला, आत बल्ब. प्रेमाचं प्रतीक म्हणून तो नवदांपत्याच्या हाती दिला जातो. आता इतिहास काय सांगतो? १६३१ साली बुऱ्हाणपूर मुक्कामी मुमताजमहल गेली, ती चौदाव्या बाळंतपणात. त्यानंतर बादशहानं तिच्यावर जी इमारत बांधली ती ही. म्हणजे जिच्या अंगावरची हळद अजून उतरली नाही त्या पोरीला आपण थडगं भेट देतो, आणि रात्री त्यात दिवा लागण्याचीही सोय करून देतो!

दुसरी राधाकृष्णाची मूर्ती. मूर्ती गोड असते, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या रूढ समजुतीप्रमाणं हे जोडपं लग्नाचं नव्हे. संसाराच्या आरंभीच हा विषय घरात आणून शोकेसमध्ये ठेवण्याचं धाडस माझ्यानं होणार नाही. मग विठ्ठल-रुक्मिणी द्यावीत म्हणावं, तर पंढरपुरात रुक्मिणीमातेचा गाभारा वेगळा. देवादिकांच्या संसारात डोकावायला गेलं की निर्दोष आहेर सापडणं कठीण. आमच्या अंबाबाईची हकीकत तर मी शेवटासाठी राखून ठेवली आहे.

आता भांड्यांकडे वळू. आहेराच्या सर्व शाखांत भांडी ही एकच शाखा अशी, की तिला मजकूर असतो. म्हणून समीक्षकाला तिथं जास्त वाव. महाद्वार रोडच्या आसपास भांड्यांच्या दुकानाबाहेर पूर्वी एखादा माणूस हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन बसलेला असायचा. ठक ठक ठक करत तो ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उठवायचा. पुढं यंत्र आलं, ठकठक जाऊन भुर्रभुर्र सुरू झालं, पण वाङ्मय तेच राहिलं. 'चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांस शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट', आणि खाली 'यांजकडून'.

या रचनेचा बारकाईनं अभ्यास केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. भांडं मोठं असलं तर मजकूर पूर्ण बसतो. तांब्या असला तर 'शुभविवाहप्रीत्यर्थ' गळतं. वाटी असली तर नवरानवरी दोघंही गळतात. पण चमच्याच्या दांड्यावरसुद्धा 'यांजकडून'च्या अलीकडचं नाव काही गळत नाही. या वाङ्मयाचा नायक कोण, हे आता वेगळं सांगायला नको.

ही परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात या कोल्हापूर भागात शिलाहारांचं राज्य होतं. त्या काळचे राजे दान देत ते ताम्रपटावर कोरून. एकूण ताम्रपटांची धाटणी अशी, की आधी देणाऱ्या राजाच्या घराण्याची वंशावळ, मग त्याच्या बिरुदांची माळ, आणि या सगळ्यानंतर कुठंतरी काय दिलं आणि कुणाला दिलं याचा खुलासा. शेवटी शापवचन असायचं : हे दान जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. आपण नाव घातलेलं स्टीलचं घमेलं देतो तेव्हा दुसरं काय करतो? धातूवर आपलं नाव कोरतो आणि 'हे आता तुम्हाला दुसऱ्याच्या लग्नात खपवता येणार नाही' असा शाप मनातल्या मनात उच्चारतो. किड्याचा उल्लेख तेवढा आपण सभ्यपणानं गाळला.

पण समीक्षकानं दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षं उलटतात. देणारा जातो, कधी घेणाराही जातो. आणि एखाद्या दुपारी फळीवरचा डबा पुसताना नातसून विचारते, "हे कोण हो, डब्यावरचे?" मग सासूबाई सांगायला लागतात, की हे आमच्या मामंजींचे मित्र, शाहूपुरीत राहायचे, पाऊस असला तरी दर सोमवारी यायचे, चहा बशीतनंच प्यायचे. ज्या माणसाचा फोटो कुणाकडं नाही, ज्याच्या नावाचा रस्ता नाही, तो त्या स्टीलच्या डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी शिल्लक असतो. देताना जो अहंकार होता तो कालांतरानं इतिहास होतो. तेव्हा भांड्यांना मी उत्तीर्ण करतो, पण गुण काळानं दिलेले आहेत, देणाऱ्यानं मिळवलेले नाहीत, अशी नोंद करून.

सुशिक्षित माणसं म्हणतात, आहेरात पुस्तकं द्यावीत. कल्पना उत्तम. आमचा कोल्हापूर जिल्हा तर या बाबतीत मालामाल. वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहत. त्यांची 'ययाति' १९५९ साली आली आणि तिला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. रणजित देसाई कोवाडचे, त्यांची 'स्वामी' १९६२ची. शिवाजी सावंत आजऱ्याचे, त्यांचं 'मृत्युंजय' १९६७चं. एका जिल्ह्यानं मराठीला तीन एवढी गाजलेली पुस्तकं दिली. साहजिकच, इथल्या माणसानं लग्नात पुस्तक द्यायचं ठरवलं की तिघांपैकी एकावर हात पडतो.

आता ही पुस्तकं नवरा-नवरीच्या नजरेनं वाचून पाहा. 'ययाति'चा नायक देवयानीशी लग्न करतो, शर्मिष्ठेकडं वळतो. सासरा चिडून जावयाला म्हातारपणाचा शाप देतो आणि जावई पोटच्या पोराकडं तारुण्य मागतो. एका पुस्तकात नवऱ्याला, बायकोला, सासऱ्याला आणि होणाऱ्या मुलाला अशी चौघांना एकदम धास्ती! 'मृत्युंजय'मधला कर्ण दानशूर खरा, पण मागेल त्याला अंगावरचं काढून देणारा नवरा कुठल्या बायकोला परवडेल? राहिली 'स्वामी'. तिच्यात नवरा-बायकोचं प्रेम आहे, ते सुरेख आहे. पण शेवट इतिहासानंच ठरवून ठेवलेला. १७७२ साली थेऊरला माधवराव पेशवे क्षयानं गेले, वय अवघं सत्तावीस, आणि रमाबाई सती गेल्या. पुस्तकं तिन्ही थोर. मी तिन्ही वाचलेली आहेत, पण लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, संसाराला घट्ट मुळं फुटल्यावर. ती तशीच वाचावीत.

लग्नासाठी म्हणून जर मराठीत एखादा अभिजात ग्रंथ असेल, तर तो सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचा 'रुचिरा'. १९७० साली तो आला आणि नव्या सुनांच्या हातात जाऊन बसला. त्याचं थोरपण कशात आहे? त्याच्यापूर्वी स्वयंपाक शिकवणारी माणसं 'अंदाजानं मीठ' म्हणायची. नव्या नवरीकडं सगळं असतं, अंदाज तेवढा नसतो. कमलाबाईंनी तिच्याच घरातली वाटी आणि तिच्याच घरातला चमचा माप म्हणून धरला. माझ्या निकषावर हे पुस्तक पहिल्या वर्गात येतं, कारण ते कुणासाठी लिहिलंय हे पहिल्या पाककृतीतच कळतं : परक्या घरातल्या स्वयंपाकघरात, सगळे बाहेर जेवायची वाट पाहत असताना, कुणाला विचारायची चोरी असलेल्या एका मुलीसाठी. आता अशी मुलगी फोनवर बघून भाजी करते, आणि मुलगाही करतो. पण दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली पाहिजे, हा त्या पुस्तकानं घालून दिलेला धडा काही जुना झालेला नाही.

इथवर वस्तूंचं झालं. आता पाकीट. हा प्रांत माझ्या धंद्याचा असल्यामुळं थोडं अधिकारानं बोलतो.

पाकिटातली रक्कम कधी पूर्णांकी नसते. एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक. आता तर पाकिटालाच वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं मिळतं, म्हणजे देणाऱ्यानं फक्त शून्यांचं तेवढं बघायचं. हा एक रुपया मला फार आवडतो. आपल्याकडच्या बाकी नोटा रिझर्व्ह बँक काढते आणि त्यांवर गव्हर्नरची सही असते. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची, तिच्यावर सही अर्थसचिवाची. १९९४ साली तिची छपाई थांबली आणि २०१५ साली ती पुन्हा आली. मधल्या एकवीस वर्षांत कोऱ्या नोटेसाठी माणसं काउंटरवर ज्या आर्जवानं येत, त्या आर्जवानं कर्ज मागायलाही येत नसत. जुन्या लोकांचा सव्वा रुपया तर कायमचाच गेला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे चलनातून बाद झाले, आणि देवाधर्मातला आणि मानपानातला सव्वा एका सरकारी अधिसूचनेनं दीडकडं नाहीतर एककडं ढकलला गेला.

हा वरचा रुपया कशासाठी? कुणी म्हणतं, शून्यानं शेवट अशुभ. माझं वाचन वेगळं आहे. शंभर रुपये दिले की हिशेब मिटतो. एकशे एक दिले की रुपया उरतो. ती खातं चालू ठेवण्यापुरती किमान शिल्लक आहे. 'आपलं येणं-जाणं बंद करायचं नाही बरं का', हे वाक्य एका रुपयात सांगणारा याहून आटोपशीर लेखक मला माहीत नाही.

आणि खातं म्हटलं की वही आलीच. सतरंजीवर बसलेल्या त्या मावशीच्या हातातल्या वहीला हसू नका. सरकारसुद्धा हसत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. पण लग्नात न मागता दिलेल्या भेटींची यादी कशी ठेवावी याचे नियम १९८५ साली झाले आणि २ ऑक्टोबरपासून लागू झाले. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास ते कोणतं, आणि खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. आमच्या मावश्या पिढ्यान्‌पिढ्या जे करत आल्या ते सरकारनं राजपत्रात छापलं. 'त्यांच्या लग्नात आपण काय नेलं होतं' हा रकाना तेवढा सरकारला सुचला नाही.

या रकान्याला आपण कोतेपणा म्हणतो. पण जरा थांबून पाहा. एका घरी लग्न निघालं की त्या वर्षी त्या घरावर डोंगर कोसळतो. अशा वेळी पन्नास घरं थोडं-थोडं आणून देतात. पुढच्या वीस वर्षांत ते घर त्या पन्नास घरांत थोडं-थोडं पोचवतं. व्याज नाही, जामीन नाही, तारण नाही, मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर टोपी हातात धरून बसणं नाही. गरज सर्वांत मोठी असेल त्याच दिवशी पैसे हातात, आणि परतफेड सवडीनं. इतकी शहाणी पतपेढी आम्हा बँकवाल्यांना काढता आलेली नाही. लेमन सेट हे या व्यवस्थेचं विडंबन आहे. पण मूळ काव्य खरं होतं.

म्हणून पत्रिकेच्या तळाशी छापलेल्या 'कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर' या वाक्याची समीक्षा मी जपून करतो. वाक्य भारदस्त आहे. बंगलेवाल्याच्या पत्रिकेत ते शोभतं. ज्यांना माइकवरून 'अमुक यांचे एकशे एक रुपये' असा पुकारा झाल्यावर एकवीस रुपयांचं पाकीट खिशातच चुरगाळत बसावं लागतं, त्यांची तर या वाक्यानं सुटकाच होते. पण तेच वाक्य वाचून ऑफिसातल्या शिपायानंही लेकीच्या पत्रिकेत ते छापावं, असं त्याला वाटायला लागतं, तेव्हा पोटात गोळा येतो. वीस वर्षं त्यानं सगळ्यांच्या लग्नात कधी अकरा, कधी एकवीस, कधी एक्कावन्न नेले. पगाराची तारीख लांब असताना उसने काढून नेले. त्या त्याच्या ठेवी होत्या. आता काढायची वेळ आली, आणि बँकेच्या दारावर पाटी : 'पैसे परत देण्याची जुनाट प्रथा आम्ही बंद केली आहे'. ज्याच्या पत्रिकेत हे वाक्य असेल त्याच्याकडं रिकाम्या हातानं जावं. पण शिपायाच्या पत्रिकेत असेल, तर ते छपाईची चूक समजून पाकीट घेऊन जावं. आणि ते माइकवाल्याच्या हाती देऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, टीका पुष्कळ झाली. द्यावं काय ते सांगा. समीक्षकाला हा प्रश्न विचारायचा नसतो. तरी सांगतो.

आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न होतं. कार्यालय झगमगीत, स्टेजसमोर चमचमत्या पुडक्यांची ही रांग. त्याची राधानगरीकडची म्हातारी आत्या त्या रांगेत काही गेली नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं मांडीवर घेऊन ती भटारखान्याच्या दाराशी बसून राहिली. पंगती उठल्यावर नवरा-नवरी पाया पडायला आली, तेव्हा तिनं ते सोडलं. आत वाकळ होती, हातानं शिवलेली. म्हणाली, "पोरी, ही हिरवी पट्टी दिसती न्हवं, ती ह्याच्या आज्जीच्या लुगड्याची. ही तांबडी ह्याच्या आईची. दोघांस्नी पुरंल एवढी केलीया. एकच केलीया. भांडला तरी थंडीत जवळ यायला लागंल."

या आहेरावर नाव घातलेलं नव्हतं. त्याची बाजारात किंमत विचारली तर जुन्या चिंध्या एवढीच निघाली असती. तो दुसऱ्या कुणाच्या लग्नात खपवता आला नसता, कारण तो जगात दुसऱ्या कुणाला लागूच पडत नव्हता. शापवचन न कोरताही तो हस्तांतरणाला बंद होता. माझ्या सगळ्या समीक्षेत शंभरापैकी शंभर गुण मिळालेला आहेर हा एवढाच.

दुसरा आहेर देवाघरचा. कथा अशी सांगतात, की भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णू रागावण्याऐवजी त्यांचाच पाय चेपत बसला. लक्ष्मीला हा अपमान सोसवला नाही. ती उठली आणि तडक करवीरला, म्हणजे आमच्या कोल्हापूरला, निघून आली. देव तिकडं वेंकटगिरीवर राहिला. पुढं त्यानं पद्मावतीशी लग्न केलं, आणि त्या लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं. ते अजून फिटायचं आहे, आणि भक्तांनी हुंडीत टाकलेला पैसा त्या कर्जापोटीच जातो, अशी श्रद्धा आहे. लग्नासाठी काढलेलं कर्ज देवालाही युगानुयुगं पुरतं, हे ऐकल्यावर माणसानं मंगल कार्यालय ठरवताना काय तो बोध घ्यावा. अंबाबाई ही विष्णूची लक्ष्मी की स्वतंत्र आदिशक्ती, हा वाद कोल्हापुरात जुना आहे. त्यात मी पडत नाही; मला याच गावात राहायचं आहे. पण एक गोष्ट डोळ्यांनी दिसते : दरवर्षी नवरात्रात तिरुपतीच्या देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो.

या शालूचा मी समीक्षक म्हणून विचार करतो. कथा खरी धरली, तर तो लग्नातला नव्हे, लग्न बिघडल्यानंतरचा आहेर आहे. बायको रुसून गेली, दुसरा संसार झाला, डोक्यावर कर्ज झालं, तरी शालू चुकत नाही. तो पाठवला म्हणून ती परत गेली असंही नाही. तरीही पुढच्या वर्षी येतोच. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर ज्याचा निकाल लागतो तो आहेर सोपा. निकाल विरुद्ध गेला हे ठाऊक असून जो येत राहतो तो अवघड.

तेव्हा माझी शिफारस अशी. लग्नाच्या दिवशी एकशे एक द्या, पाचशे एक द्या, ऐपतीप्रमाणं द्या. वहीत नाव लागू दे, रुपया वर ठेवा. वस्तू घ्यायची घाई करू नका, कारण त्या दिवशी त्या दोघांना काय लागणार आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. मग पाच-सहा महिन्यांनी, पंख्याला चिकटलेली झिरमिळी गळून पडल्यावर, एखाद्या रविवारी त्यांच्या घरी जा. चहा घ्या. चहा कशातनं आला ते बघा. बसायला दिलेल्या खुर्चीचा पाय हलतो का बघा. माळ्यावरचं काढायला स्टूल आहे का, वीज गेली की बॅटरी आहे का, दाराला धड कडी आहे का, खिळा ठोकायला हातोडी आहे की वरवंटा वापरतात, ते बघा. पुढच्या वेळी येताना ती एक वस्तू घेऊन या. रंगीत कागद नको, रिबन नको, नाव तर मुळीच घालू नका. नसेल काही कमी, तर नुसते जाऊन या. आणि दोघांपैकी एकजण माहेरी किंवा गावी निघून गेलेलं आढळलं, तर जरा लवकर-लवकर जात जा.

सरकारी यादीला एक रकाना मी सुचवतो. वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि शेवटी : 'पुन्हा आले होते काय?'